हत्तीचे आवाळू

एका राज्याच्या पश्चिम सीमेवर कातळवेळ नावाचे कोळ्यांचे गाव होते. गाव खाडीच्या आत वसलेले, आणि खाडीच्या मुखाशी, उघड्या समुद्राकडे तोंड करून, काळ्या खडकांचे एक भूशिर उभे. वारा, वाळू आणि लाटा यांनी सहस्रावधी वर्षे त्या खडकांना झिजवले होते. झिजता झिजता कुणाची कमान झाली होती, कुणाचे छत्र, तर कुणी पाठमोऱ्या बसलेल्या उंटासारखा दिसू लागला होता. पूर्वीच्या एका राजाने त्या स्थळाला ‘शिलावन’ असे नाव दिले, भोवती निवडुंगाचे कुंपण घातले आणि आज्ञा केली की येथला खडाही कुणी उचलू नये. वनात झाड एकही नव्हते. तरी ते पाहायला दूरदूरची माणसे येत.

त्या वनाचे भूषण म्हणजे एक हत्ती. सोंड पाण्यात बुडवून तो समुद्राच्या काठी उभा होता. सोंड आणि पाय यांच्या मधल्या कमानीतून भरतीचे पाणी खळाळत जाई, तेव्हा तो पाणी पीत आहे असे वाटे. गंडस्थळ, कान, पाठीचा उतार, सगळे यथास्थित होते. केवळ मस्तकावर, मधोमधही नव्हे, जरासा एका अंगाला, पुरुषभर उंचीचा एक वेडावाकडा उंचवटा होता.

राजाच्या पदरी मैराळ नावाचा एक स्थपती होता. त्याची दृष्टी मोठी कठोर. देवळाच्या खांबात जवाएवढा बाक दिसला तरी त्या दिवशी त्याला अन्न गोड लागत नसे. दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की त्याचे हात शिवशिवत. चूक सुधारून झाली की मात्र तो असा शांत होई, जणू पायातला काटाच निघाला.

एकदा शेजारच्या देशाचा राजा पाहुणा म्हणून यायचा होता. राजाने मैराळाला बोलावून सांगितले, “पाहुण्यांना शिलावन दाखवायचे आहे. तू आठ दिवस आधी जा. बसायला चौथरा बांध, पायऱ्या नीट कर. पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. उणे काही राहू देऊ नकोस.”

मैराळ गेला. शिलावन पाहून तो भारावला. कमान पाहिली, छत्र पाहिले, आणि हत्तीपुढे आला तेव्हा त्याने नकळत हात जोडले. मग त्याचे लक्ष मस्तकाकडे गेले आणि जोडलेले हात सुटले.

शिलावनाची झाडलोट पवळा नावाची एक कोळीण करीत असे. तिला त्याने विचारले, “बाई, हत्तीच्या डोक्यावर हे काय आहे?”

“आवाळू,” पवळा म्हणाली.

“हत्तीला आवाळू!” मैराळ मोठ्याने हसला.

“हसता काय, शिल्पीबुवा? चांगल्या माणसांनाही होते. माझ्या सासऱ्यांना मानेवर होते, लिंबाएवढी गाठ. त्यावाचून ते आम्हांला ओळखूच आले नसते.”

“तुमच्या सासऱ्यांना पाहायला राजे येत नव्हते, बाई. हे काढून टाकले पाहिजे.”

पवळा हसली. राजाच्या आज्ञेने जेथे खडाही उचलता येत नाही, तेथे कुणी खडक फोडील हे तिच्या मनातही आले नाही. ती थट्टेनेच म्हणाली, “काढा हो! पण आधी आमच्या माणसांना विचारा. ती समुद्रावर गेली आहेत, सात-आठ दिवसांनी येतील. आवाळू त्यांचे आहे.”

“मूर्तीविषयी मी मासेमाऱ्यांना विचारू?” असे म्हणून मैराळ चौथऱ्याच्या कामाकडे वळला. आवाळू त्यांचे कसे, हे त्याने विचारले नाही. पवळेनेही सांगितले नाही. जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ते एवढ्या मोठ्या माणसाला समजावून काय सांगायचे, असे तिला वाटले.

दोन दिवस मैराळाने मन आवरले. समुद्राचे काम आपण का बिघडवावे, असे तो स्वतःला बजावी. पण चौथऱ्यावर कोठेही बसले तरी तो उंचवटा समोर येई. अखेर त्याने मनाशी म्हटले, ‘समुद्र मोठा शिल्पकार खरा, पण तो आंधळा आहे. घासणे त्याला ठाऊक, थांबणे ठाऊक नाही. हा शेवटचा हात माझ्यासाठीच राहिला असावा.’ ‘उणे काही राहू देऊ नकोस’ या राजाच्या शब्दांत त्याला आता अनुमतीही सापडली.

त्याने सिद्धतेचे निमित्त करून शिलावन गावकऱ्यांना बंद केले. हत्तीला परांची बांधली. तीन दिवस त्याने स्वतःच्या हाताने छिन्नी चालवली. घणाचे आवाज गावात ऐकू येत. लोक म्हणत, पायऱ्या होत आहेत. तिसऱ्या दिवशी आवाळूचा शेवटचा तुकडा समुद्रात पडला. मग मैराळाने ओली वाळू घेऊन ती जागा अशी घासली, की तेथे कधी काही होते याची पुसटशी खूणही उरली नाही. परांची उतरली. हत्ती निर्दोष झाला. मैराळ त्या दिवशी पोटभर जेवला.

ठरल्या दिवशी दोन्ही राजे आले. दिवस कलला होता, भरती चढत होती. पाहुणा राजा हत्तीपुढे बराच वेळ उभा राहिला. “याने आता केवळ पाऊल उचलायचे राहिले आहे,” तो म्हणाला. राजाने प्रसन्न होऊन मैराळाच्या खांद्यावर तांबडा शेला घातला. सेवकाने तबकातून सोन्याचे कडे पुढे आणले.

तेवढ्यात कुणीतरी समुद्राकडे बोट दाखवले. सात शिडे दिसत होती. वारा वाढला होता, क्षितिजावर ढग दाटले होते. नावा भूशिराकडे येत होत्या. पण सरळ येत नव्हत्या. थोड्या पुढे येत, थबकत, वळत, पुन्हा मागे जात.

“वा!” पाहुणा राजा म्हणाला, “आमच्या स्वागतासाठी नावांचे नृत्यही ठेवले आहे तर!”

“कसले नृत्य, महाराज!” एक सरदार हसून म्हणाला. “कोळी ताडी पिऊन आले असतील.”

इतक्यात निवडुंगाच्या कुंपणातून पवळा धावत आली. हात ओरबाडले होते, पदर फाटला होता. रक्षकांनी तिला अडवले. ती हत्तीकडे पाहून ओरडली, “आवाळू कुठे आहे? आमचे आवाळू कुठे आहे?”

तो शब्द तेथे एकट्या मैराळाला कळला. तो पुढे झाला. “का, बाई? त्याचे काय?”

“अहो, त्याच्यावरच नावा आत येतात! मागे टेकडीवर तो एकटा ताड दिसतो ना? समुद्रावरून ताड आणि आवाळू एका रेषेत आले की नाव आत घालायची. दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक आहेत, भरतीला दिसत नाहीत. आणि भरतीवाचून खाडीत पाणी पुरत नाही. वीस हात लांब पाठ हत्तीची. ताडाखाली तिचा कोणता भाग धरतील आमची माणसे? माझे दोघे मुलगे आहेत हो बाहेर!”

ती बोलत असतानाच पुढची नाव वाऱ्याने रेटली गेली. लाकूड फुटल्याचा आवाज काठापर्यंत आला. शीड कलले आणि पाण्यावर माणसांची डोकी दिसू लागली.

राजाने विचारले, “तेथे काही होते काय, मैराळा?”

मैराळाच्या शेजारी राजाचा अमात्य उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “स्थपती, लाटेने नेले म्हणा. खडकच तो, आज ना उद्या पडायचाच होता. छिन्नीची खूण तरी कोठे आहे?”

खरेच, खूण नव्हती. मैराळाने आयुष्यभर कमावलेले कौशल्य त्या मस्तकावर गुळगुळीत होऊन पसरले होते. ते त्याच्या विरुद्ध साक्ष देणार नव्हते. एक शब्द बोलला असता तर कडे त्याचे होते, कीर्ती त्याची होती. आणि उरलेल्या सहा नावांना आवाळू कोठे होते हे सांगणारे या जगात कुणीही उरले नसते.

“महाराज,” मैराळ म्हणाला, “समुद्राने नेले नाही. मी फोडले. ते कोठे होते हे आता मलाच ठाऊक आहे.”

उत्तराची वाट न पाहता तो पळत निघाला. हत्तीच्या पायांना पाणी लागले होते. परांची नव्हती. पन्नाशी उलटलेला तो माणूस सोंडेच्या खाचांत बोटे रुतवीत वर चढला. दोनदा घसरला, गुडघा फुटला. मस्तकावर पोहोचल्यावर त्याने सोंडेच्या मुळापासून सात हात मोजले, मग डावीकडे दीड. हाताखाली दगड आरशासारखा लागला. इतका गुळगुळीत दगड त्याने यापूर्वी कधी केला नव्हता, आणि इतका मुका दगडही कधी पाहिला नव्हता. ‘येथेच,’ तो म्हणाला, आणि उभा राहिला. खांद्यावरचा तांबडा शेला त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला, म्हणजे उंची पुरेल.

मग तो हलला नाही. लाटा कमानीत आदळून त्याच्या अंगावर येत होत्या. हात भरून आले. ताड त्याच्या पाठीमागे होता. आपण रेषेत आहोत की नाही हे त्याला दिसत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे माप पडताळून पाहायला त्याच्यापाशी ओळंबा नव्हता. ते पडताळणार होत्या समोरच्या नावा.

एक नाव पुढे आली. थबकली. तिचे तोंड हळूहळू वळले आणि ती सरळ त्याच्या दिशेने येऊ लागली. वाटेत तिने फुटलेल्या नावेची पाचही माणसे उचलली. मग ती हत्तीच्या सोंडेजवळून खाडीत वळली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. मैराळ मोजत होता. सहावी नाव वळली तेव्हा त्याच्या हातांतून शेला सुटला आणि वाऱ्याने तो समुद्रात नेला.

पवळेचा थोरला मुलगा सुखरूप आला. धाकटा फुटलेल्या नावेवर होता. त्याचा हात मोडला होता; पण तो जिवंत होता.

ओहोटी लागल्यावर कोळ्यांनी मैराळाला दोर लावून खाली उतरवले. त्यांचा म्होरक्या धाकू तांडेल म्हणाला, “मी समुद्रावरून म्हटले, आवाळू आज तांबडे कसे? आणि दम लागल्यासारखे हलते कसे?” कुणी हसले नाही. तोही हसला नाही. “शिल्पीबुवा, एक नाव तुम्ही बुडवलीत आणि सहा तारल्यात. तुम्हांला काय म्हणावे ते मला सुचत नाही.”

“काही म्हणू नका,” मैराळ म्हणाला. “उद्या सकाळी माझ्यासाठी एक नाव समुद्रात घाला, एवढेच करा.”

राजाने त्याला जवळ बोलावले. आज्ञाभंगाचा शब्द त्याने काढला नाही, कारण ‘उणे’ हा शब्द आपलाच होता हे त्यालाही आठवत असावे. तो म्हणाला, “त्या जागी एक सुंदर कोरीव स्तंभ उभा कर.”

“नको, महाराज,” मैराळ म्हणाला. “मी सुंदर ते करीन आणि पुन्हा चुकेन. ज्यांना ते दुरून पाहायचे आहे, त्यांनी सांगावे, मी रचतो.”

दुसऱ्या दिवशी पाणी शांत होते. धाकू तांडेल नाव घेऊन बाहेर गेला. मैराळ पुन्हा परांची बांधून हत्तीच्या मस्तकावर ओबडधोबड दगड आणि चुना घेऊन बसला. नावेतून हाक आली, “थोडे डावीकडे!”

“माझ्या डावीकडे की तुमच्या?” मैराळाने ओरडून विचारले.

“समुद्राच्या!” धाकू ओरडला.

काठावरच्या बायका हसल्या. मैराळही हसला, आणि दगड त्याने स्वतःच्या उजवीकडे सरकवला. असे दोन दिवस चालले. हाक येई, दगड सरके. पुन्हा हाक, पुन्हा दगड. पुरुषभर उंचीचा एक वेडावाकडा ढीग उभा राहिला. शेवटी नावेतून तांडेलाने दोन्ही हात वर केले. ताड आणि ढीग एका रेषेत आले होते.

मैराळ परांचीवरून दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि त्याने मान तिरकी करून वर पाहिले. ढिगाचा एक कोपरा फारच पुढे आला होता. त्याचा हात छिन्नीकडे गेला. पण या वेळी तो वाकून पवळेला म्हणाला, “पवळाबाई, एवढी एक कड तासू का? डोळ्यांना खुपते हो.”

पवळा झाडू थांबवून समुद्राकडे पाहत होती. ती म्हणाली, “खुपू द्या, बुवा. खुपते म्हणूनच दिसते.”

मैराळाने छिन्नी पिशवीत घातली आणि तो खाली उतरला.

तात्पर्य: आपल्या डोळ्यांना जो दोष वाटतो, तो दुसऱ्या कुणाच्या जिवाचा आधार असू शकतो, म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी तो कुणाच्या उपयोगाचा आहे हे विचारावे, आणि न विचारता चूक घडलीच, तर ती न झाकता तिच्या जागी आपण उभे राहावे.