आबासाहेबांचं गोणपाट

पाचगणीच्या जुन्या मोटारींच्या शर्यतीत बारा वर्षं आबासाहेब घारग्यांचीच गाडी पहिली येत होती. यंदा मात्र जर्मनीत शिकून परतलेल्या ऋजुता बोंद्रेनं आजोबांची १९३४ सालची मोटार आणली. जानेवारीच्या कडाक्यातही तिचं इंजिन एका दमात सुरू झालं आणि सगळे बघे तिच्याभोवती जमले. आबासाहेबांच्या पोटात दुखू लागलं.

त्यांनी ऋजुताला बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरच्या नळीत बसवलेला थर्मोस्टॅट दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

“इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारं हे यंत्र या गाडीत मुळात नव्हतं. मी या शर्यतीचा अध्यक्ष आहे, पोरी! कारखान्यातून जे आलं नाही ते काढ, नाहीतर घरी जा.”

“काढते, आबासाहेब. पण नियम सगळ्यांना सारखाच ना?”

“अर्थात! मलासुद्धा.”

“मग गार वारा अडवायला तुमच्या रेडिएटरपुढं बांधलेलं गोणपाट कुठल्या कारखान्यातून आलं?”

बघे खो खो हसले. थंडीत त्या गोणपाटाशिवाय आबासाहेबांची गाडी घाट सोडाच, फाटकही ओलांडत नसे.

“दोन्हींचं काम एकच, गार इंजिन लवकर तापवायचं,” ऋजुता म्हणाली. “इंजिन तापलं की गोणपाट सोडायला तुम्हाला वाटेत उतरावं लागतं. हे आपलं आपण उघडतं.”

आबासाहेबांनी तिच्या गाडीचं बॉनेट लावलं. मग इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, “माझ्या गाडीला बसेल का गं हे? आणि तुझ्यापेक्षा मोठं मिळेल ना?”