कासारमामा आणि हिरवा चुडा

डोंगराच्या अलीकडे एका गावात एक कासार राहत होता. गावातल्या कुठल्या हाताला कुठलं माप बसतं, हे त्याला तोंडपाठ. त्याचा त्याला थोडा तोराही होता.

एकदा डोंगरापलीकडच्या बहिणीच्या गावाहून एक पाहुणा आमंत्रण घेऊन आला. भाचीचं, वेणूचं लग्न ठरलं होतं. हिरवा चुडा मामानंच आणायचा आणि मामानंच भरायचा, असा बहिणीचा निरोप होता. कासाराला आभाळ ठेंगणं झालं.

बहिणीचा हात नाजूक. मोठी झालेली वेणू त्यानं पाहिली नव्हती. लेक आईवरच गेली असणार, असं धरून त्यानं त्याच मापाच्या सुरेख बांगड्या निवडल्या. मग पाहुण्याला समोर बसवून वाटेची चौकशी सुरू केली. घाट किती अवघड, नदीला उतार कुठे, मुक्कामाला धर्मशाळा बरी कोणती. पाहुणा बिचारा सांगून सांगून थकला.

आता जायचं कशानं? पारावर ज्याचं त्याचं वेगळं मत होतं. टांगेवाला म्हणाला टांगा, नावाडी म्हणाला नाव. कासार कुणाच्या बोलण्यावर जाणारा नव्हता. दोरीत बांगड्या ओवून तो प्रत्येक वाहनात बसून आला. टांग्यात पहिल्याच उतारावर दोन बांगड्या वाढल्या. कासाराच्या तोंडी ‘फुटल्या’ हा शब्द कधी यायचा नाही. नाव डुलत छान जायची, पण बंधाऱ्यापाशी हमाल टोपल्या झेलत उतरवत, ते बघून त्यानं नावेचा नाद सोडला. शेवटी बैलगाडी ठरली. लांबचा वळसा होता, पण रस्ता सपाट. खाली भरपूर पेंढा घालून, करंडी मांडीवर घेऊन स्वारी निघाली. गाडीवानाला वाटभर ‘हळू हाक रे बाबा’ ऐकावं लागलं.

मामा अगदी वेळेवर पोचला. मांडवात बायका जमल्या होत्या. एकही बांगडी वाढली नाही, हे त्याचं सगळ्यांना सांगून झालं. मग त्यानं वेणूचा हात हातात घेतला. पंजा चांगला रुंद, अंगठा जाडजूड. तेल लावलं, बोटं दाबून पाहिली. बांगडी काही पुढे सरकेना.

बहिणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “दादा, वाटेतला दगडन् दगड विचारून घेतलास. माझी लेक कशी आहे, एवढं नाही विचारलंस?”

कासाराची मान खाली गेली. इतका अपमान त्याला कुणी शिवी दिली असती तरी वाटला नसता.

वेणू मात्र हसायला लागली. तिनं आपला पंजा मामाच्या पंजाशेजारी धरला. “आई, याला मामा काय करणार? हात मामावरच गेलाय माझा.” खरंच, तोच पंजा, तोच अंगठा. मांडवभर हशा पिकला आणि मामाही डोळे पुसत हसला.

गावातल्या कासारणीकडून मोठ्या मापाचा चुडा आला. मामानं तो हलक्या हातानं भरला. मग बहिणीला समोर बसवून त्यानं आणलेल्या बांगड्या तिच्या हातात भरल्या. त्या मापात चपखल बसल्या. कित्येक वर्षांनी भावाच्या हातून बांगड्या भरून घेताना ती मांडवात सगळ्यांदेखत रडली.

तात्पर्य काय, तर जायचं कशानं याचा खल जरूर करावा, पण ज्याच्याकडे जायचं त्या माणसाची विचारपूस त्याआधी करावी.