वेंडेलचं न मोडलेलं पान

एक होती ओडिलिया. राणी नव्हती हं, बोटं कायम शाईने काळी असलेली साधी बाई. खूप दूर, थंडीत बर्फ पडतो अशा मुलखात, नदीकाठच्या गावात ती आणि तिचा नवरा वेंडेल पुस्तकं छापायची.

तेव्हा पुस्तकं कशी छापायची, ठाऊक आहे? एकेक अक्षर शिशाचं. वेंडेल खणांच्या पेटीतून ती उचलायचा, उलटी लावायचा, आणि पान भरलं की सुतळीने घट्ट बांधायचा. मग ओडिलिया चामड्याच्या गोळ्याने त्यावर शाई थापायची. मग त्यांचा म्हातारा गडी यॉस्ट वर कागद ठेवून छापयंत्राचा दांडा ओढायचा. ओली पानं दोरीवर वाळायची, आपल्या धुण्यासारखी.

पण अक्षरं मोजकीच, बरं का. म्हणून छापलेलं पान मोडायचं, अक्षरं धुवायची, ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. मग त्यांचंच पुढचं पान.

वेंडेल काम करताना गुणगुणायचा. सूर तीनच.

"अहो, चौथा शिका की आता!" ओडिलिया चिडवायची.

"तिनात भागतंय ना तुझं?" तो म्हणायचा.

त्या वर्षी ते झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक छापत होते. थंडीत मुलं तापाने फणफणायची, म्हणून गावोगावच्या सुइणी त्याची वाट बघत होत्या. एकदा काय झालं, वेंडेलने एक पान बांधलं, ते छापून झालं, आणि दुसऱ्या दिवशी तो देवाघरी गेला.

ओडिलियाने ते पान मोडलंच नाही. बांधलेलं तसंच उचलून खिडकीत ठेवलं. "याला कुणी हात लावायचा नाही," म्हणाली.

मग ती स्वतः अक्षरं लावायला बसली. शेवटचं पान भलं मोठं. ते निम्म्यावर आलं आणि अक्षरं संपली!

मग तिने मासेमारी करणाऱ्या कोळ्यांकडून जाळ्याला बांधायचं शिसं आणलं, वितळवून अक्षरं ओतली. यॉस्टने दांडा ओढला, तर सगळी चपटी.

"मालकीणबाई, ही अक्षरं आहेत की लोणी?"

मग तिने लाकडाची कोरली. ओल्या कागदाखाली ती रुसलेल्या जावयासारखी फुगून बसली. मग शेजारच्या गावातून मागून आणली. ती निघाली उंच, त्यांनी कागदच फाडला.

यॉस्ट खिडकीतल्या पानाकडे बघायचा, आणि पुन्हा कामाला लागायचा.

मग बर्फ पडायला लागला. एक सुईण दारात आली. "ओडिलियाबाई, झालं का गं पुस्तक? आमच्याकडे दोन पोरं तापलीत."

ओडिलिया वेंडेलचं पान मांडीवर घेऊन बसली. आणि काय सांगू, पान बोललं! अगदी बारीक आवाजात.

"बाई, सुतळी सोड गं."

"सोडली तर ते कुठे राहतील?"

"त्यांनी आम्हाला एका जागी कधी ठेवलं होतं का? आम्ही फिरायचो, म्हणून तर ते गात होते."

ओडिलियाने गाठ सोडली. पहिलं अक्षर उचललं, तर ते ऊबदार, आत्ताच कुणाच्या तरी हातून सुटल्यासारखं. दुसरंही तसंच. तिसरंही.

शेवटचं पान भरलं. शाई लागली. यॉस्टने दांडा ओढला. ओले कागद दोरीवर चढले, खिडकीतून वारा आला, आणि कागद गुणगुणायला लागले. सूर तीनच.

यॉस्टने डोक्यावरची टोपी काढली. ओडिलियाने डोळे पुसले, तर नाक काळंभोर. मग दोघं हसली.

पहिली प्रत सुईण पदराखाली झाकून घेऊन गेली. दोन्ही पोरांचा ताप उतरला. पुढे ओडिलियाने खूप पुस्तकं छापली, आणि प्रत्येक पान स्वतःच्या हाताने मोडलं. सगळी सुखात राहिली.

चला, आता तुम्ही अक्षरं. आजचं पान छापून झालं. आपापल्या अंथरुणाच्या खणात शिरा बघू. सकाळी नवं पान लावायचंय.