चौथा संकेत

धरणाचे दरवाजे चालवणारा प्रोग्रॅम केतकी दाभाडेने लिहिला होता. पाणी मोजणारा सेन्सर तीनच संकेत द्यायचा, साधारण, इशारा आणि धोका. कुठला संकेत आला तर काय करायचं, हे सांगणाऱ्या स्विच स्टेटमेंटमध्ये तिन्हींच्या तीन केस होत्या आणि सगळ्यांत शेवटी डीफॉल्टची ओळ. तिन्हींपैकी काहीच आलं नाही, तर भोंगा वाजवायचा.

मुख्य अभियंता रणदिवे साहेबांनी भर बैठकीत ती ओळ काढायला सांगितली. "संकेत तीनच आहेत. चौथा येणार कुठून? उगाच भोंगा वाजला, की लोक आम्हाला हसतात."

केतकीच्या डोळ्यांसमोर धरणाखालची गावं आली. ती शांतपणे म्हणाली, "काढते, साहेब. फक्त एका प्रश्नाला हो किंवा नाही म्हणा. ही ओळ नव्हती म्हणून उद्या गावं बुडाली, तर जबाबदारी तुमची?"

साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते काहीच बोलले नाहीत.

"उत्तरं दोनच होती, साहेब," केतकी म्हणाली. "पुरात सेन्सरही असाच गप्प बसतो."

रणदिवे साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि भोंग्याचा आवाज कुठल्या गावापर्यंत पोचतो, ते विचारलं.