रिकामी पालखी

“तुझे पाय अजून कसे चालतात, आत्या?”

म्हाळसाआत्या कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसून खुरपत होती. ऐंशी ओलांडलेली बाई. तिने मान वर केली नाही.

“हे विचारायला पालखीतून आलास?”

चिंतामणबुवा, टेकडीवरच्या मठाचे महंत, तिचा सख्खा भाचा. साठी नुकतीच उलटली होती, पण भोयांनी उचलून बांधावर ठेवलं तेव्हा बसले. वर छत्री धरलेली. महंताच्या अंगाला ऊन लागू द्यायचं नाही, पायाला माती लागू द्यायची नाही, ही मठाची रीत.

त्यांच्या आजोबांचे पाय असेच गेले. वडिलांचेही. त्यावर मठातल्या म्हाताऱ्यांनी शोध काय लावला? तर म्हणे गादीवरचा पुरुष जमिनीपासून सुटत चालला, ही सिद्धीची खूण. आणि अख्खा गाव त्या वाळक्या पोटऱ्यांवर कपाळ टेकत राहिला.

“डॉक्टर म्हणतात, आमच्या घराण्यात जनुकातच खोट आहे. ड जीवनसत्त्व कमीच राहतं. वय झालं की मांस झडतं.” बुवा थांबले. “आमच्या पोराचं, राघवचं, रक्तही तसंच निघालं. उत्सवानंतर गादी त्याचीच. आतापासून पालखीची सवय लावलीय...”

“पोराचं वय काय?”

“चौतीस.”

खुरपं थांबलं.

“चिंत्या, मी कुठल्या घराण्याची?”

“आपल्याच.”

“माझंही रक्त तपासलंय. तुझ्यापेक्षा वाईट निघालं.”

“मग...”

“तुझ्या आजोबांनी गादी तुझ्या बापाला दिली. मला, पोरगी म्हणून, हे माळरान. झाड नाही, सावली नाही. फार रडले होते तेव्हा.”

“म्हणजे उन्हानं रक्त बदललं?”

“रक्त कशाला बदलतंय? खोट आहे म्हणून तर जास्त राबावं लागतं. डॉक्टरणीची गोळी घेते. उन्हात असते. दिवसभर ऊठबस चालूच.”

“आम्हाला वाडवडिलांनी जे दिलं...”

“आम्हाला म्हणजे किती जणांना? इथं तू एकटाच बसलायस.”

एक भोई खोकल्याच्या आड हसला.

“वाडवडिलांनी रक्त दिलं,” आत्या म्हणाली, “आणि पालखी दिली. त्यातलं रक्त परत करता येत नाही.”

बुवांनी वळून पालखीकडे पाहिलं.

मग आत्या उठली. जमिनीला हात न लावता. भोयाच्या हातातून छत्री काढून घेतली, मिटली आणि भोपळ्याच्या वेलाशेजारी रोवली.

“ऊठ.”

“जमत नाही, आत्या.”

“आज नाहीच जमणार. उद्या ये.”

बुवा आले. पालखीतूनच आले. गोळ्या सुरू झाल्या. बांध धरून उठायचं, धापा टाकायच्या, पुन्हा बसायचं. राघवला तिने मोट्ठं घमेलं दिलं आणि वाफ्यात सोडलं. मठातले म्हातारे खवळले. महंत चिखलात लोळतो, गादी बाटली. जन्मात कधी स्वतःचं पाणी न भरलेले लोक! बुवांना लाज वाटायची, पण मांड्या थरथरत का होईना, वर यायच्या.

तीन महिन्यांनी उत्सवाची सकाळ उजाडली. आत्याच्या विहिरीवर कलश भरायचा आणि टेकडीवरच्या समाधीला न्यायचा. कलश आणि महंत, दोघेही पालखीतून, अशी चाल.

बुवा विहिरीशी उकिडवे बसले. कलश भरला, खांद्यावर घेतला. भोयांचे हात आपोआप पुढे आले...

बुवा उठले. कुणाचा हात न धरता.

पायऱ्यांवर ऊन होतं. त्या उन्हात ते उघड्या डोक्याने, अनवाणी चढत गेले. मागे राघव. “रीत मोडली,” एक म्हातारा पुटपुटला, पण ढोल असे काही घुमले की ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं. वर पोचून बुवांनी समाधीवर पाणी ओतलं. छाती भात्यासारखी चालली होती, आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

स्वतःच्या पायांनी उतरून आले, तेव्हा भोपळ्याचा वेल छत्रीच्या टोकाला पोचला होता. भोई रिकाम्या पालखीपाशी कावरेबावरे उभे.

“आत्याबाई, आता हिचं काय करायचं?”

आत्याने वाफ्यातून हात झटकले.

“शेणखत भरून आणा.”