बाटलीची ओळख

नगरच्या सुवार्ता पाटोळेचे वडील जन्मभर गावोगाव येशूची कीर्तनं करत हिंडले. त्यांच्यावर तिने पटकथा लिहिली आणि तीन वर्षं उंबरे झिजवून एकदाची निर्माते अप्पासाहेबांपुढे ठेवली. भर दुपारी, जेवता जेवता अप्पासाहेबांनी ती चाळली.

"गोष्ट झकास आहे गं. पण तुझ्या या कीर्तनकाराच्या हातात बाटली कुठाय?"

"त्यांनी दारूला कधी बोटसुद्धा लावलं नाही, साहेब."

"नसेल लावलं! पण बाटलीशिवाय माणूस ख्रिस्ती आहे, हे पब्लिकला कळायचं कसं?" असं म्हणत अप्पासाहेबांनी समोरच्या बाटलीतून स्वतःचा तिसरा ग्लास भरला.

सुवार्ताने ग्लासकडे पाहून भक्तिभावाने हात जोडले.

"अय्या, साहेब! बाप्तिस्मा कधी घेतलात?"

पटकथेत काही बाटली शिरली नाही. टेबलावरची मात्र मुकाट्याने टेबलाखाली गेली.