खेकडीचं बीळ आणि सात झेंडे

कॅरिबियन समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटाच्या किनाऱ्यावर एका खेकडीचं बीळ होतं. तिचं वय विचारू नका. गोष्टीतले खेकडे मरत नसतात.

सगळ्यात आधी होड्या वल्हवत माणसं आली. "खेकडीकाकू, इथे राहिलो तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाली, "राहा की!"

मग शिडांची गलबतं आली. "बेट सापडलं!" असं ओरडत गोऱ्यांनी झेंड्याचा खांब थेट काकूच्या बिळात रोवला. आयता खड्डा कोण सोडतो? "अरे, पण हरवलं कधी होतं?" काकूने विचारलं. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. होडीवाल्यांना त्यांनी हुसकावलं, दूरदूरची माणसं साखळदंडांत बांधून आणली आणि उसाच्या मळ्यांत जुंपली. पुढे दुसरे गोरे आले, मग पुन्हा पहिले. एकामागून एक सात झेंडे लागले, खड्डा मात्र तोच. उघड्यावर पडलेली काकू प्रत्येक झेंड्याला नांगी उचलून सलाम ठोकू लागली.

अखेर मळ्यांतल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी तो खांब उपटला आणि आपला झेंडा टेकडीवर लावला. "काकू, बेट आपलं झालं. जा आता घरात!"

काकू बिळापाशी जाऊन थबकली. "पण परवानगी कोण देणार?"

"अगं, घर तुझंच आहे!"

"ते ठाऊक आहे रे. पण परवानगी?"

झाडावरचा राघू सगळं ऐकत होता. साती साहेबांचे आवाज त्याला तोंडपाठ होते. तो खाकरून म्हणाला, "मंजूर!" काकू खुशीत आत शिरली.

दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी एक हिरवं पीस रोवलेलं होतं, आणि काकू बाहेर उभी राहून त्याला सलाम ठोकत होती.